क्राकोव्हच्या भिंतीवर फाशी दिलेला तारा

एका वाचक बाईंची विचारणा थोडक्यात अशी. मे महिन्यात नवरा-बायको, 11 वर्षांचा मुलगा आणि सासूबाई असे चौघं पोलंडमधल्या क्राकोव्हला गेले. स्वस्त पडतो म्हणून जुन्या शहरापासून ट्रामनं 20 मिनिटांवरच्या एका साध्या वसाहतीत फ्लॅट घेतला. पहिल्याच संध्याकाळी जिन्याच्या दाराशेजारी भिंतीवर काळ्या स्प्रेनं काढलेला फाशीचा खांब दिसला, त्याला लटकवलेला सहा टोकांचा तारा. मुलानं विचारलं, ‘आई, ताऱ्याला फाशी का दिलीय?’ नवऱ्यानं फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. बाईंना काही सुचलं नाही, त्या मुलाचा हात धरून वर गेल्या. आता ऑक्टोबरमध्ये व्हिएन्ना-बर्लिन ठरतंय. त्यांना चार गोष्टी विचारायच्या आहेत: ते नक्की काय होतं, आम्हाला धोका होता का, पोलिसांना सांगायला हवं होतं का, आणि पुन्हा दिसलं तर काय करायचं?

मी 22 वर्षं मराठी ग्रुप घेऊन त्या बाजूला जाते. व्हिएन्ना, बुडापेस्ट, प्राग, क्राकोव्ह हा माझा पायाखालचा रस्ता. त्या भिंती मी पुष्कळ पाहिल्यात, आणि त्यांच्यापुढे चुकीचंही वागलेय. तेव्हा उत्तर जरा लांबेल.

आधी धोक्याचं सांगते, कारण सासूबाईही तुमच्यासोबत होत्या. ते चित्र तुम्हाला उद्देशून नव्हतं आणि त्यामुळे तुमच्या जिवाला काही नव्हतं. ते काढणाऱ्याला तुम्ही तिथं राहायला येणार हे माहीत असायचं कारण नाही. बहुधा एखाद्या रात्री दोन-तीन पोरं आली, दुसऱ्या टोळीच्या वस्तीत खूण करून गेली. सहा टोकांचा तारा ही ज्यूंची खूण, पण ही पोरं फुटबॉलची.

क्राकोव्हमध्ये दोन मोठे क्लब आहेत, क्राकोव्हिया आणि विस्वा. दोन्ही 1906 सालचे. मधोमध एक मोठं मैदान सोडलं तर दोघांची स्टेडियमं एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर आहेत आणि वैर भाऊबंदकीतलं. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात क्राकोव्हियाकडून ज्यू खेळाडू खेळत, ज्यू प्रेक्षकही त्यांचा सामना बघायला जात. विस्वाकडे तसं नव्हतं. त्यामुळे विस्वावाले क्राकोव्हियाला ‘ज्यू’ म्हणून हिणवायला लागले. पुढे युद्ध आलं, शहरातले 60 हजारांवर ज्यू, म्हणजे जवळपास चौथा हिस्सा, मारले गेले किंवा परागंदा झाले. माणसं गेली, शिवी राहिली. गंमत अशी (गंमत हा शब्द इथे बरा नाही, पण दुसरा सापडत नाही) की क्राकोव्हियाच्या कडव्या पोरांनी ती शिवी स्वतःच उचलली आणि आपल्या टोळीचं नाव ठेवलं ‘यूडे गँग’. यूडे म्हणजे जर्मन भाषेत ज्यू. त्या पोरांत ज्यू कोणी शोधायला जाऊ नका.

हे एकदा कळलं की क्राकोव्हची भिंत वाचता येते. सरळ उभा सहा टोकांचा तारा आणि बाजूला जे आणि जी ही दोन रोमन अक्षरं असतील, तर ते क्राकोव्हियाच्या पोरांनी स्वतःबद्दल लिहिलंय. तोच तारा फाशीवर असेल, त्याच्यावर फुली असेल किंवा बाजूला ‘अँटी यूडे’ असेल, तर ते विस्वाच्या बाजूचं. पाच टोकांचा पांढरा तारा दिसला तर दचकू नका, ते विस्वा क्लबचं बोधचिन्ह आहे. आणि कुठे ‘प्सी’, म्हणजे कुत्रे, असं लिहिलं असेल तर ते क्राकोव्हियावाल्यांचं विस्वाला उत्तर. कम्युनिस्ट राजवटीत विस्वा हा पोलिसखात्याचा क्लब होता, त्यावरून ती शिवी आली. तुम्ही पाहिलात तो फाशीचा तारा म्हणजे विस्वाच्या कुणा पोरानं क्राकोव्हियाच्या कुणा पोराला दिलेली धमकी, असं मी समजते.

जुन्या शहरात, काझिमिएश या जुन्या ज्यू वस्तीत, राजवाड्याच्या आसपास हे सहसा दिसत नाही. तिथं नगरपालिका लगेच पुसते, कारण पर्यटक बघतात. वसाहतींमध्ये, नोव्हा हुताकडे, ट्रामच्या शेवटच्या थांब्यांवर भरपूर दिसतं. तुम्ही स्वस्त फ्लॅट घेतलात म्हणून खरं शहर बघितलंत. पोलंडमधलं दुसरं शहर लोड्झ (तिथले लोक त्याला ‘वूच’ म्हणतात, तिकीट काढताना लोड्झ म्हणालात तर समोरचा हसतो) याहून विचित्र आहे. तिथल्या दोन्ही क्लबांचे समर्थक एकमेकांना ज्यूच म्हणतात. युद्धापूर्वी त्या शहरातला साधारण दर तिसरा माणूस ज्यू होता. आज गिरण्यांच्या लाल विटांच्या भिंतींवर दोन्ही टोळ्या समोरच्याला ‘ज्यू’ लिहून ठेवतात.

बरीच वर्षं मी ग्रुपला इथपर्यंतच सांगायची. ‘काही नाही हो, फुटबॉलचं आहे.’ लोकांना हायसं वाटायचं, आणि आम्ही पुढच्या चौकात आइस्क्रीमकडे वळायचो.

मग एका वर्षी ग्रुपमध्ये ठाण्याचे एक काका होते. बँकेतून निवृत्त, आडनावाच्या शेवटी आपल्यासारखंच ‘कर’, पोह्यांत शेंगदाणे नको म्हणणारे. ते बेने इस्रायली आहेत हे मला दुसऱ्या दिवशी कळलं, नाश्त्याला त्यांनी सॉसेजकडे बघून मान हलवली तेव्हा. तुम्हाला ठाऊक असेलच, बेने इस्रायली म्हणजे आपल्या कोकणातले ज्यू. अलिबागजवळ नवगावला गलबत फुटून पूर्वज किनाऱ्याला लागले अशी त्यांची कथा आहे. पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारे. पूर्वी तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावानं नाव पाडलं ‘शनिवार तेली’.

आमची बस विमानतळाकडून शहरात येत होती आणि सिग्नलला अडकली. खिडकीबाहेर ट्रान्स्फॉर्मरच्या डब्यावर फाशीचा तारा. कुणीतरी विचारलं, मी माइकवर माझं ठरलेलं वाक्य म्हटलं. बस हलली. हॉटेलवर सामान उतरताना काका शेजारी येऊन उभे राहिले आणि हळू आवाजात म्हणाले, ‘मॅडम, भांडण फुटबॉलचं असेल. पण फाशी द्यायला माझाच तारा का घेतला?’ मला उत्तर आलं नाही. त्यांनी ते रागानं विचारलं नव्हतं. थोड्या वेळानं म्हणाले, ‘आम्हालाही गावात नाव ठेवलं होतं. पण ते आम्ही काय करतो त्यावरून ठेवलं होतं. शनिवारी घाणा बंद, म्हणून शनिवार तेली.’

तेव्हापासून मी माइकवर ते वाक्य म्हणत नाही. फुटबॉलचं आहे हे खरंच आहे, आणि ते ज्यूद्वेषी आहे हेही तितकंच खरं आहे. विस्वाच्या त्या पोरानं आयुष्यात एखादा ज्यू माणूस पाहिला नसेल. तरी समोरच्याला सगळ्यात खाली पाडायचं म्हणजे त्याला ज्यू म्हणायचं, आणि ज्यूचं काय करायचं तर फास, एवढं त्याला न शिकवता येतं. आणि ते तो कुठे लिहितो? ज्या शहरात मार्च 1941 ते मार्च 1943 घेट्टो, म्हणजे जर्मनांनी ज्यूंना कोंडून ठेवलेली वस्ती, होता तिथं. पोदगुझे भागात ल्वोव्हस्का रस्त्यावर घेट्टोच्या भिंतीचा तुकडा अजून उभा आहे. तिच्या माथ्याला ज्यू थडग्यांच्या दगडांसारख्या कमानी काढलेल्या आहेत, जर्मनांनी मुद्दाम काढून घेतलेल्या. पुन्हा गेलात तर ती भिंत जरूर बघा, ट्रामनं तुमच्या वसाहतीपासून फार लांब नसेल. एकाच शहरातल्या दोन भिंती.

आता तुम्ही काय करायला हवं होतं ते सांगते. थांबून दोन मिनिटं बघितलंत तरी चाललं असतं. फोटो काढलात हेही चूक नाही, मीही काढते. पण फोटोत नुसता तारा नको. दाराचा नंबर, रस्त्याची पाटी, काहीतरी ठिकाण कळेल असं घ्या, आणि आजूबाजूला दोन-चार तरुण टाळकी उभी असतील तर कॅमेरा बाहेर काढूच नका. क्राकोव्हमधल्या फुटबॉल टोळ्या चाकू-कोयत्यांसाठी बदनाम आहेत. त्यांचं तुमच्याशी वैर नाही, पण आपली खूण कोण टिपतंय हे त्यांना बघायला आवडत नाही. मुलासाठी एखाद्या क्लबचा मफलर घेतला असेल तर तो पुण्यात घाला, तिथल्या वसाहतीत नको.

मग फ्लॅटच्या मालकाला दोन ओळींचा मेसेज. ही सगळ्यात कामाची गोष्ट आणि ती कुणीच करत नाही. तिथल्या वसाहती आपल्याकडच्या हाउसिंग सोसायटीसारख्याच चालतात, भिंत सोसायटीची, रंगवायचा खर्चही सोसायटीचा. रोज बघून बघून रहिवाशांना ते दिसेनासं झालेलं असतं. पाहुण्यानं सांगितलं की मालकाला लाज वाटते, त्यापेक्षा जास्त भीती वाटते ती वाईट रेटिंगची, आणि तो सोसायटीच्या मागे लागतो. लाजेनं पुसलं काय आणि रेटिंगनं पुसलं काय, मला दोन्ही चालतं.

महापालिकेच्या सुरक्षा दलाला तिथं ‘स्त्राश मिएस्का’ म्हणतात, नंबर 986. भिंतीवरच्या चित्रासाठी हाच योग्य नंबर. 112 हा जिवावर बेतलेल्या प्रसंगासाठी ठेवा. पोलिश कायद्यात वंश किंवा धर्मावरून एखाद्या समाजाचा जाहीर अपमान करणं हा दंडसंहितेच्या 257व्या कलमाखाली गुन्हा आहे, 3 वर्षांपर्यंत कैद. पण वसाहतीतल्या जिन्याजवळचं चित्र कुणी काढलं ते सापडेल अशी आशा धरू नका, आणि त्यासाठी सुट्टीतला अर्धा दिवस पोलीस चौकीत घालवा असंही मी म्हणणार नाही.

एका बाबतीत मात्र माझा सल्ला बदलतो. तेच चित्र सिनेगॉगच्या दारावर, ज्यू दफनभूमीत, स्मारकावर किंवा ज्यू शाळेजवळ दिसलं तर त्याच तासाला सांगायचं. तिथं ते टोळ्यांचं आपसातलं राहत नाही, आतल्या माणसांना उद्देशून होतं. ऑक्टोबर 2021 मध्ये आउशवित्झ-बिर्केनाऊ या नाझी छळछावणीतल्या (आता तिथं संग्रहालय आहे) नऊ लाकडी बराकींवर इंग्रजीत आणि जर्मनमध्ये ज्यूद्वेषी मजकूर फवारलेला सापडला होता. संग्रहालयानं तेव्हा त्या दिवशी आलेल्या लोकांनाच आवाहन केलं होतं की काही पाहिलं असेल, फोटोत काही आलं असेल तर कळवा. म्हणजे आपल्यासारख्या पर्यटकांच्या फोटोंचाही उपयोग असतो.

घरच्या ग्रुपवर टाकलेल्या फोटोबद्दल. तुमच्या मिस्टरांवर रागावू नका, पण पुढच्या वेळी टाकू नका. नुसतं चित्र फिरवलं की लिहिणाऱ्याचं काम आपण करून देतो. ऑक्टोबर 2023 च्या शेवटी पॅरिसमध्ये आणि आसपासच्या उपनगरांत इमारतींवर स्टेन्सिलनं निळे सहा टोकांचे तारे काढलेले दिसले. युद्धकाळात ज्यूंची घरं हेरली जायची त्याची आठवण होऊन लोक हादरले. फोटो जगभर गेले. पकडलं गेलं ते मॉल्दोव्हाचं एक जोडपं, आणि फ्रान्सच्या परराष्ट्र खात्यानं जाहीर केलं की त्या ताऱ्यांचे फोटो पसरवण्यात एका रशियन जाळ्याचा हात होता. ज्यानं तारे काढायला लावले त्याला भिंतीचं काही पडलंच नव्हतं, त्याला तुमचा-माझा फोन हवा होता. तेव्हा फोटो मालकाला, सुरक्षा दलाला, ज्यूद्वेषी प्रकारांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेला पाठवा. मावशींना पाठवायची गरज नाही.

आणखी एक, जे आपल्या लोकांकडून हमखास होतं. असं काही दिसलं की ‘पोलिश लोक असेच’ म्हणून मोकळे होतात. आउशवित्झला गेलात तर ‘पोलिश छळछावणी’ हा शब्द तोंडातून काढू नका. छावणी व्याप्त पोलंडमध्ये होती, चालवत होते नाझी जर्मन. युनेस्कोच्या यादीतलं अधिकृत नावही 2007 मध्ये बदलून त्यात ‘जर्मन नाझी’ हे शब्द घातले गेले. ज्यूंना लपवून वाचवल्याबद्दल इस्रायलनं ज्यांचा गौरव केला त्यांत सगळ्यात मोठी संख्या पोलिश लोकांची आहे, 7 हजारांहून अधिक. आणि ज्यूंना पकडून देणारेही त्याच देशात होते. दोन्ही मनात ठेवून बोललं तर रिसेप्शनवरची मुलगी तुमच्याशी नीट बोलते. तुम्ही कोल्हापूरकडच्या असाल तर अजूनच. 1943 ते 1948 या काळात वळिवड्याला सुमारे 5 हजार पोलिश निर्वासित राहिले होते, वॉर्सात कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे. मी एकदा तक्रार सांगायला गेले आणि पाऊण तास वळिवड्यावर बोलून, मूळ तक्रार विसरून परत आले.

काझिमिएशमध्ये आणि बाजारपेठेत आणखी एक वस्तू दिसेल, तिच्याकडे मी ग्रुपचं मुद्दाम लक्ष वेधते. दाढीवाला, काळ्या टोपीचा, हातात नाणं धरलेला किंवा पैसे मोजत बसलेला ज्यू. लाकडी बाहुली असते, चित्रही असतं. पोलिश घरांत ते पैसा यावा म्हणून दाराच्या डाव्या हाताला लावतात, काही जण शनिवारी चित्र उलटं करतात, म्हणजे त्याच्या खिशातले पैसे घरात पडतील. विकणाऱ्याला त्यात काही गैर वाटत नाही. आपल्या बायकांना तर लक्ष्मीच्या फोटोची आठवण होते आणि त्या दोन-दोन घेतात. एकीनं मला सांगितलं, ‘तिजोरीजवळ ठेवीन.’ मी घेऊ नका म्हणत नाही. मी फक्त सांगते की ज्यू म्हणजे पैसा, ही समजूतच पुढे त्या फाशीच्या खांबापर्यंत गेली. मग बऱ्याच जणी ठेवून देतात, काही जणी घेतात.

आता व्हिएन्ना-बर्लिन. तिथं चित्र वेगळं असतं आणि तिथं आपणच अडचणीत येऊ शकतो.

आपलं स्वस्तिक. सासूबाई येणार असतील तर हे त्यांना नीट सांगा. व्हिएन्नाच्या एका हॉटेलात आमच्या ग्रुपमधल्या आजींची नवी कोरी बॅग लॉबीत उभी होती. निघायच्या आदल्या दिवशी सुनेनं पूजा करून तिच्यावर कुंकवानं ठसठशीत स्वस्तिक काढलं होतं, खाली शुभ-लाभ. रिसेप्शनवरचा पोरगा आधी बॅगेकडे, मग माझ्याकडे, मग पुन्हा बॅगेकडे बघत राहिला. मी ओला टिश्यू काढला तर आजी कळवळल्या, ‘अगं, पुसू नकोस, पूजेचं आहे.’ शेवटी बॅगेवर कव्हर चढवलं आणि दोघींचं समाधान झालं. तेव्हापासून निघण्यापूर्वीच्या मीटिंगमध्ये सांगते, कुंकू आतल्या बाजूला लावा, देवाला आतलं दिसतं.

इथं एक गैरसमज काढून टाकते. ‘त्यांचं उलटं असतं, आपलं सुलटं’ हे आपल्याकडे सर्रास ऐकायला मिळतं. तसं नाही. नाझी झेंड्यावरचं चिन्ह आपल्या स्वस्तिकासारखंच उजवीकडे वळतं. फरक एवढाच की ते बहुतेक ठिकाणी 45 अंशांत तिरकं उभं असतं, पांढऱ्या वर्तुळात काळं, आणि त्यात आपले चार ठिपके नसतात. भिंतीवर घाईत स्प्रे मारणाऱ्याला दिशाही कळत नाही, मी दोन्हीकडे वळलेली पाहिलीत. तेव्हा दिशेवरून ओळखायला जाऊ नका. जर्मन लोक त्याला ‘हाकेनक्रॉइत्स’ म्हणतात, म्हणजे आकडेदार क्रूस. जर्मनीत कायद्याचा रोख नाझी संघटनांच्या चिन्हावर आहे, आपल्या धर्मचिन्हावर नाही. पण रस्त्यावरच्या माणसाला हा फरक समजावत बसण्यापेक्षा पेंडंट ब्लाउजच्या आत बरं.

दुसरं, हिटलर हा शब्द. आपण कडक बॉसला, गणिताच्या सरांना, सासऱ्यांना सहज हिटलर म्हणतो. बर्लिनच्या मेट्रोत आपलं मराठी कुणाला कळत नाही, त्या अख्ख्या गप्पांत त्यांना कळतो तो एकच शब्द, आणि डब्यातल्या माना वळतात. आपल्याकडे या बाबतीत एकूणच ढिलाई आहे. 2006 साली खारघरमध्ये हिटलरच्या नावानं उपाहारगृह निघालं होतं, मुंबईतल्या ज्यूंनी आक्षेप घेतल्यावर काही दिवसांतच नाव बदलावं लागलं. मालकाला ते नाव फक्त लक्षात राहण्यासारखं वाटलं असेल, हे मला पटतं. म्हणूनच सांगते. आणि मुलगा 11 वर्षांचा आहे, रील बघून नाझी सलामीची हात वर करण्याची पोज त्याला माहीत असणार. ऑगस्ट 2017 मध्ये बर्लिनला संसदेच्या इमारतीसमोर दोन चिनी पर्यटकांनी ती पोज देऊन एकमेकांचे फोटो काढले. पोलिसांनी दोघांना ताब्यात घेतलं, 500-500 युरोंचा जामीन भरून सुटले. गंमत केली, माहीत नव्हतं, यातलं काही चालत नाही.

बर्लिनमध्ये भिंतीवरच्या चित्रांपेक्षा दिव्याच्या खांबांवरचे स्टिकर जास्त बघायला मिळतील. त्यात आकडे असतात. 88 दिसलं तर एच हे रोमन लिपीतलं आठवं अक्षर, दोनदा एच म्हणजे ‘हाइल हिटलर’. 18 म्हणजे पहिलं आणि आठवं अक्षर, त्याच्या नावाची आद्याक्षरं. आता प्रत्येक 88 मध्ये हिटलर शोधू नका, बसचा नंबरही 88 असतो आणि कुणाचं जन्मसालही. बाजूला काय आहे ते बघायचं.

फूटपाथवर पितळी चौकोन दिसतील, 10 सेंटिमीटरचे. ‘श्टोल्परश्टाइन’, म्हणजे ठेच लागायचा दगड. गुंटर डेम्निग या कलाकारानं सुरू केलेलं काम. ज्या घरातून माणसाला नेलं त्या घरासमोर त्याचं नाव, जन्मसाल, कुठे मारलं ते. युरोपभर असे लाखावर दगड बसवलेत. 2017 च्या नोव्हेंबरात बर्लिनच्या नॉयकोल्न भागातून असे 16 दगड रातोरात उखडून नेले. भिंतीवर एक अक्षर न लिहिता. नुसते चौकोनी खड्डे. शेजारपाजारच्यांनी वर्गणी काढून ते पुन्हा बसवले.

स्टिकर दिसला की नखानं खरवडावासा वाटतो, मलाही वाटतं. करू नका. इर्मेला मेन्झा-श्राम नावाच्या बर्लिनच्या बाई 1986 पासून हातात खरवडणी आणि स्प्रे घेऊन हेच करतायत, लोक त्यांचं कौतुक करतात, आणि दुसऱ्याच्या भिंतीचं नुकसान केलं म्हणून त्यांना कोर्टातही उभं राहावं लागलंय. त्या तिथल्या रहिवासी आहेत, कायदा जाणतात, परिणाम भोगायला तयार आहेत. तुमच्याकडे 15 दिवसांचा शेंगेन व्हिसा आहे. जर्मनीत पोलिसांचा नंबर 110, आणि अशा गोष्टी ते गांभीर्यानं घेतात. शिवाय ‘रियास’ नावाची नोंद ठेवणारी संस्था आहे, तिला ऑनलाइन कळवता येतं, गुन्हा दाखल करायची अट नाही.

गाझाबद्दलच्या घोषणांचं मला प्रत्येक ग्रुपमध्ये विचारतात, तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगून टाकते. एखाद्या विद्यापीठाच्या भिंतीवर इस्रायल सरकारविरुद्ध लिहिलं असेल तर ते राजकारण आहे, पटो न पटो. जुलै 2024 मध्ये ॲम्स्टरडॅममध्ये डायरी लिहिणाऱ्या ॲन फ्रँकच्या पुतळ्यावर ‘गाझा’ लिहिलं गेलं. ती 1945 मध्ये छावणीत मेली, 15 वर्षांची. तिच्याकडे जाब मागायचा तो कशाबद्दल? ती ज्यू होती एवढ्याच एका कारणासाठी. मी तिथं रेघ ओढते. ग्रुपमध्ये यावर वाद होतात, बसमध्ये मी ते वाढू देत नाही, जेवणानंतर बघू म्हणते.

राहिला मुलाचा प्रश्न. त्याला तुम्ही काही सांगितलं नाहीत ही एकच गोष्ट मला खटकली. 11 वर्षांच्या मुलाला फाशी कळते, आणि आई गप्प झाली हेही कळतं. आता सांगितलं तरी उशीर झालेला नाही. तो फुटबॉल खेळतो असं तुम्ही लिहिलंय, मग तिथूनच सुरू करा. 28 मे 1922, स्टॉकहोम. पोलंडचा संघ त्याआधीचे दोन आंतरराष्ट्रीय सामने हरला होता, दोन्हींत एकही गोल नाही. स्वीडनविरुद्ध पेनल्टी मिळाली. ती मारायला पुढे आला युझेफ क्लोट्झ, क्राकोव्हच्याच युत्शेंका नावाच्या ज्यू क्लबचा बचावपटू. त्यानं मारली, आत गेली. पोलंडच्या राष्ट्रीय संघाचा तो पहिला गोल. सामनाही जिंकले, 2-1. त्याला विचारा, ताऱ्याला फाशी देणाऱ्या त्या पोराला हे माहीत असेल का? तो बहुतेक पुढचा प्रश्न विचारेल, मग क्लोट्झचं काय झालं. 1941, वॉर्सा, घेट्टो. तेही सांगा.